केबल बसते, मग चित्र का येत नाही? टीव्ही, प्रोजेक्टर आणि मोबाइल यांना जोडणाऱ्या तारांचं गणित

(सूर्यमाळ, ता. मोखाडा इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

सूर्यमाळ, खोडाळा आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेले गुरुजी, बाई, पालक आणि हे व्याख्यान नंतर ऑनलाइन वाचणारे आपले नेहमीचे श्रोते, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. कॉम्प्युटर, मोबाइल किंवा छत्रीचा बॉक्स एका बाजूला, टीव्ही किंवा प्रोजेक्टर दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक तार. त्या तारेबद्दल तासभर काय बोलायचं?

पण आपल्यापैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतलाय. पिन बसते, दोन्हीकडे दिवे लागतात, आणि पडद्यावर येतं फक्त ‘नो सिग्नल’. मग आपण म्हणतो, प्रोजेक्टर बिघडला. तो कपाटात जातो, वर्षभर तिथेच राहतो. खरं तर बऱ्याच वेळा प्रोजेक्टरही चांगला असतो, कॉम्प्युटरही चांगला असतो. चुकलेलं असतं ते मधलं काहीशे रुपयांचं सामान.

पुण्या-मुंबईत चुकीची केबल आणली तर संध्याकाळी बदलून आणता येते. सूर्यमाळला तसं नाही. खोडाळ्याला मिळेल ते साधं सामान, नाही तर मोखाडा, नाही तर जव्हार, आणि नेमका कन्व्हर्टर हवा असेल तर नाशिक. म्हणजे एक चुकीची केबल म्हणजे शाळेचा एक दिवस, गाडीभाडं, आणि वर्गणी दिलेल्या पालकांच्या मनात बसलेली शंका, की हे ‘डिजिटल’ प्रकरण आपल्यासाठी नाहीच. ही शंका खोटी आहे. ती घालवायला थोडी माहिती पुरते, आणि तीच आज आपण घेणार आहोत.

हे सामान आपल्याकडे आलं कसं?

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव राज्यभर झालं होतं, कारण पाड्यावरच्या शाळेतही डिजिटल वर्ग चालू शकतो हे त्या शाळेने दाखवून दिलं. मग गावोगाव लोकवर्गणी निघाली. कुठे कंपनीने जुने कॉम्प्युटर दिले, कुठे ग्रामपंचायतीने टीव्ही दिला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर दिला.

इथेच आपल्या आजच्या प्रश्नाचं मूळ आहे. हे सामान एका वर्षी, एका दुकानातून आलेलं नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, पाच वर्षांपूर्वीचा प्रोजेक्टर, गेल्या वर्षीचा टीव्ही आणि बाईंच्या हातातला या वर्षीचा मोबाइल, असे चार काळ एका वर्गात एकत्र आले. प्रत्येक काळाचं स्वतःचं मानक होतं. मानक म्हणजे काय, तर कंपन्यांनी आपसात ठरवलेला नियम: पिना किती, कुठल्या पिनेवर काय, आणि बोलायचं कुठल्या पद्धतीने.

2020 साली कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हाची दोन उदाहरणं पाहू. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिली मिली’ ही मालिका दाखवली गेली. आणि आपल्याच मोखाडा-जव्हार पट्ट्यात दिगंतर स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली, म्हणजे लाऊडस्पीकरवरून धडे. आता गंमत बघा. लाऊडस्पीकरला मोबाइल जोडताना ‘सिग्नल नाही’ असं कधी होत नाही. मोबाइलला हेडफोनची 3.5 मिलिमीटरची खाच असली, की तिच्यातून आवाज बाहेर येतो आणि ॲम्प्लिफायर तो घेतो. तिथे कुणी कुणाला ओळख विचारत नाही. चित्राचं मात्र तसं नाही. का नाही, ते समजलं की अर्धा विषय संपला.

चार प्रश्न

दोन यंत्रं जोडताना चार वेगवेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. आपण फक्त पहिली बघतो आणि फसतो.

पहिली, आकार. पिन त्या खाचेत बसते का?
दुसरी, भाषा. त्या पिनेतून जाणारा सिग्नल पलीकडच्या यंत्राला कळतो का?
तिसरी, बोलणी. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखलं का, परवानगी दिली का?
चौथी, वेग. तेवढी माहिती त्या तारेतून, तेवढ्या लांबीवर, धडपणे जाते का?

आकार जुळला म्हणजे बाकी तीन जुळले असं नाही. आता एकेक घेऊ.

जुनी भाषा: ॲनालॉग

सगळ्यात जुनी म्हणजे पिवळी-लाल-पांढरी पिन. पिवळीतून चित्र, लाल आणि पांढरीतून उजवा-डावा आवाज. पिवळ्या एका तारेत उजेड, रंग आणि ओळी कुठे सुरू होतात याची खूण, सगळं एकत्र कालवलेलं असतं. आपल्या देशात जी पाल पद्धत वापरात होती, तिच्यात 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रं. त्यातल्या दिसणाऱ्या ओळी 576. म्हणून पिवळ्या पिनेवर बातम्या ठीक दिसतात, पण कॉम्प्युटरवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. टीव्ही कितीही मोठा घ्या, 576 ओळींच्या वर त्या तारेतून काही येतच नाही.

दुसरी म्हणजे व्हीजीए. तीन रांगांत 15 पिना, दोन्ही बाजूंना स्क्रू, बहुतेक वेळा निळं डोकं. आयबीएमने 1987 साली आणली. हिच्यात लाल, हिरवा, निळा यांच्यासाठी वेगळ्या तारा आणि ओळींच्या खुणांसाठी आणखी दोन. म्हणून अक्षरं स्पष्ट. पण लक्षात ठेवा, व्हीजीएमधून आवाज जात नाही. चित्र आलं आणि आवाज आला नाही, तर तो बिघाड नाही. आवाजाची तार वेगळी जोडावी लागते.

या दोन्ही भाषा ॲनालॉग. म्हणजे तारेतला व्होल्टेज कमी-जास्त होतो, तसा पडद्यावरचा उजेड कमी-जास्त होतो. तार लांब झाली, पिन गंजली, तर चित्र पुसट होतं, सावली पडते, एखादा रंग जातो. पण काहीतरी दिसतं. ॲनालॉग सिग्नल हळूहळू बिघडतो, हा त्याचा मोठा गुण.

मग व्हीजीए गेली कुठे? डिसेंबर 2010 मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांनी जाहीर केलं, की 2015 च्या आसपास व्हीजीए बंद करत आणायची. म्हणून आपल्याकडे देणगीत आलेल्या जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए असते, आणि दुकानातून आणलेल्या नव्या टीव्हीला बहुधा ती नसते. दोन्ही चांगले, पण भाषा वेगळी.

नवी भाषा: डिजिटल

1999 साली डीव्हीआय आली. मोठं, पांढरं, बऱ्याच पिनांचं डोकं. मग डिसेंबर 2002 मध्ये हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी एचडीएमआयचा पहिला नियम प्रसिद्ध केला. 19 पिना, आणि एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही. 2006 साली डिस्प्लेपोर्ट आला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जास्त दिसतो, 20 पिनांचा, एक कोपरा कापलेला.

डिजिटलमध्ये चित्र शून्य आणि एक अशा आकड्यांत जातं. पलीकडचं यंत्र फक्त एवढंच ठरवतं, की आलेला आकडा शून्य आहे की एक. ते नीट ठरवता आलं तर चित्र शंभर टक्के. ठरवता आलं नाही तर आधी पांढरे ठिपके चमकतात, मग पडदा मधेच काळा होतो, मग काहीच नाही. ‘महाग केबलने रंग उजळ दिसतात’ असं दुकानात सांगतात, ते एचडीएमआयला लागू नाही. आकडे पोचले तर तेच चित्र, नाही पोचले तर चित्र नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे वाया जातात, तिकडे वळू.

अडॅप्टर की कन्व्हर्टर?

काही जोडण्यांत भाषा तीच असते, फक्त डोकं बदलायचं असतं. डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय यांची चित्राची भाषा एकच. म्हणून त्यांच्यामधला साधा अडॅप्टर काहीशे रुपयांत चालतो, त्यात कसलीही चिप लागत नाही. बहुधा आवाज मात्र येत नाही, तो वेगळा न्यावा लागतो.

पण एचडीएमआयमधून व्हीजीएत जायचं असेल तर आकड्यांचं व्होल्टेजमध्ये भाषांतर करावं लागतं. त्यासाठी चिप हवी आणि चिपला वीज हवी. एचडीएमआयच्या 18 व्या पिनेवर 5 व्होल्ट असतात, पण नियमाने हमी फक्त 55 मिलिॲम्पियरची. एखादा कन्व्हर्टर त्यावर भागवतो, एखाद्याला पुरत नाही आणि चित्र येऊन-जाऊन राहतं. म्हणून ज्याला यूएसबीची वेगळी वीज देता येते आणि आवाजाची 3.5 मिलिमीटरची खाच आहे, असाच कन्व्हर्टर घ्यावा.

आणि दिशा! हा शब्द वहीत लिहून ठेवा. ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ ही दोन वेगळी यंत्रं आहेत. नव्या लॅपटॉपचं चित्र जुन्या प्रोजेक्टरवर न्यायचं तर पहिलं. जुन्या कॉम्प्युटरचं चित्र नव्या टीव्हीवर न्यायचं तर दुसरं. उलटं जोडलं तर काही होत नाही. दुकानात विचारताना आधी जिथून चित्र निघतं त्याचं नाव घ्यायचं, मग जिथे पोचायचं त्याचं. डिस्प्लेपोर्टचंही तसंच. बहुतेक कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय टीव्हीला जायला स्वस्तातली केबल चालते, कारण तो पोर्ट गरज पडल्यास स्वतःच एचडीएमआयची भाषा बोलतो. उलट्या दिशेने ती केबल चालत नाही.

आणखी एक फसवणूक. बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-लाल-पांढरी पिन अशी नुसती केबल मिळते. मधे डबी नाही, चिप नाही. ती आपल्या कामाची नाही. डिजिटल चित्र नुसत्या तांब्याच्या तारेने ॲनालॉग होत नाही. जुन्या डबा टीव्हीवर चित्र न्यायचं तर वीज घेणारी छोटी डबीच लागते.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय: “सर, आमच्या घरी फ्री डिशचा बॉक्स आहे. पिवळी पिन काढून एचडीएमआय लावली की सगळे चॅनल दिसतील का?”

चांगला प्रश्न आहे, दादा. फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा, डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली. डोंगरात केबलवाला येत नाही, तिथे छत्री येते. पण तिच्यावर काही चॅनल एमपेग-2 पद्धतीने येतात, काही एमपेग-4 ने. जुन्या बॉक्सला फक्त एमपेग-2 कळतं. ते चॅनल दिसत नसतील तर दोष केबलचा नाही, बॉक्सच्या आतल्या चिपचा. केबल बदलून चित्र स्वच्छ होईल, नवे चॅनल येणार नाहीत. त्यासाठी एमपेग-4 चा बॉक्सच घ्यावा लागेल. म्हणजे भाषेचा प्रश्न तारेतच असतो असं नाही, तो तारेच्या आधीही असतो.

बोलणी

आता तिसरी गोष्ट. एचडीएमआयची पिन लावली की चित्र लगेच निघत नाही. आधी दोन्ही यंत्रांची बोलणी होतात. 18 व्या पिनेवरून 5 व्होल्ट जातात. टीव्ही 19 व्या पिनेवरून सांगतो, ‘मी इथे आहे.’ मग कॉम्प्युटर टीव्हीच्या आतली एक छोटी नोंद वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात, 1994 साली ठरलेली पद्धत. मूळ नोंद फक्त 128 बाइटची. त्यात लिहिलेलं असतं, की मी अमुक कंपनीचा, मला इतके ठिपके दाखवता येतात, सेकंदाला इतक्या वेळा. कॉम्प्युटर ते वाचतो आणि झेपेल तसं चित्र पाठवतो.

ही नोंद वाचता आली नाही तर काय? स्वस्त कन्व्हर्टर ती नीट पोचवत नाहीत. मग कॉम्प्युटर अंदाजाने 640 बाय 480 सारखं मोठंमोठं दिसणारं चित्र पाठवतो, किंवा प्रोजेक्टरला न झेपणारं पाठवतो आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 1024 बाय 768 किंवा 1280 बाय 720 असा कमी आकार निवडायचा. किती तरी ‘बिघडलेले’ जुने प्रोजेक्टर एवढ्यानेच चालू होतात.

बोलण्यांचा दुसरा भाग म्हणजे एचडीसीपी, चोरून कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. सिनेमाची ॲप्स आणि काही सेट-टॉप बॉक्स टीव्हीला विचारतात, ‘तुझ्याकडे किल्ली आहे का?’ जुन्या प्रोजेक्टरकडे ती नसते, एचडीएमआय ते व्हीजीए डबीकडेही बहुधा नसते. मग लॅपटॉपचा डेस्कटॉप दिसतो, शिक्षकांनी स्वतः केलेला व्हिडिओ दिसतो, पण एखाद्या ॲपचा सिनेमा लावला की काळा पडदा. हा बिघाड नाही. शाळेचे आपले व्हिडिओ, पीडीएफ, ई-पाठ यांना हे कुलूप सहसा नसतं.

वेग आणि लांबी

आता थोडं गणित करू, अवघड नाही. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. गुणाकार 20,73,600. प्रत्येक ठिपक्याला 24 बिट, सेकंदाला 60 चित्रं. एका सेकंदाचे झाले सुमारे 299 कोटी बिट, म्हणजे 3 गिगाबिट. ओळींमधली मोकळी जागा आणि पाठवण्याच्या पद्धतीतला जादा भार धरला, की तारेतून प्रत्यक्ष सुमारे 4.5 गिगाबिट जातात. 4के म्हणजे 3840 बाय 2160, चौपट ठिपके. सेकंदाला 60 चित्रांसाठी जवळपास 18 गिगाबिट लागतात.

आवाजाची तार कधीच कुरकुरत नाही आणि चित्राची कुरकुरते, त्यामागचं एक कारण हेच. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला दीड मेगाबिटही लागत नाहीत. चित्राला त्याच्या हजारो पट.

एचडीएमआयचे नियम या वेगाप्रमाणे बदलत गेले. 2009 चा 1.4, वेग 10.2 गिगाबिट. 2013 चा 2.0, वेग 18. 2017 चा 2.1, वेग 48. पण हे आकडे यंत्रांचे. केबलच्या खोक्यावर वेगळी नावं बघायची: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड, अनुक्रमे 10.2, 18 आणि 48 गिगाबिटसाठी. खोक्यावर नुसतं ‘2.1 केबल’ असं ठळक छापलं असेल तर त्यावर विसंबू नका. नियमाप्रमाणे केबलला आवृत्तीचा आकडा लावायचाच नसतो, प्रकाराचं नाव लावायचं असतं.

आपल्या वर्गाला कुठली लागते? फुल एचडी प्रोजेक्टर किंवा साधा टीव्ही असेल तर हाय स्पीड केबल भरपूर झाली. 48 गिगाबिटच्या केबलने मुलांना धडा जास्त कळणार नाही. ते पैसे लांबीवर खर्च करा.

कारण खरी अडचण लांबीची आहे. टीव्ही टेबलाजवळ असतो, दीड-दोन मीटर पुरतात. प्रोजेक्टर छताला लावला, की तार भिंतीवरून वर, छतावरून पुढे, सहज 10 ते 15 मीटर होते. फुल एचडीला चांगल्या जाड तारेची 10 मीटर केबल बहुधा चालते. 4के चं चित्र साध्या तांब्याच्या केबलने काही मीटरच्या पुढे भरवशाचं राहत नाही. त्याहून लांब जायचं तर आतून काचतंतू असलेली ॲक्टिव्ह केबल मिळते. तिच्या दोन टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ असं छापलेलं असतं. उलटी बसवली तर चालत नाही, आणि हे पट्टी ठोकून झाल्यावर कळलं तर सगळं पुन्हा उकरावं लागतं. म्हणून कुठलीही केबल भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून, पूर्ण लांबीची, दोन्ही यंत्रांना लावून तपासा. दोन छोट्या केबल जोडणी लावून एक लांब करण्याचा मोह टाळा. प्रत्येक सांध्याला सिग्नल थोडा गळतो.

मोबाइलची टाइप-सी पिन

बाईंचा प्रश्न आहे: “माझ्या मोबाइलला टाइप-सी आहे, दुकानातून टाइप-सी ते एचडीएमआय आणली, तरी काही दिसत नाही.”

बाई, आकार आणि भाषा यातला फरक इथे सगळ्यात जास्त फसवतो. टाइप-सी हे फक्त डोक्याचं नाव आहे. 2014 साली आलेलं, 24 पिनांचं, दोन्ही बाजूंनी बसणारं. त्यातून चार्जिंग जाईल, फायली जातील, चित्र जाईल की नाही ते मोबाइलच्या आतल्या जोडणीवर अवलंबून. चित्र जायला ‘डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड’ नावाची सोय आत असावी लागते. ती महागड्या फोनमध्ये सापडते. सॅमसंगच्या एस मालिकेत आहे, आयफोन 15 मध्ये आहे. कमी किमतीच्या बहुतेक फोनमध्ये नाही, तिथे टाइप-सीच्या मागे जुनंच यूएसबी 2.0 असतं. फोनमध्ये सोय नसेल तर साध्या अडॅप्टरने चित्र येणार नाही, कितीही महाग घ्या. लॅपटॉपचंही तसंच. टाइप-सीच्या शेजारी विजेची किंवा ‘डीपी’ अशी खूण आहे का बघायची, नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधायचा. आणि चार्जरबरोबर आलेल्या केबलमध्ये चित्राच्या तारा बहुतेक वेळा नसतातच.

मग काय करायचं? बऱ्याच अँड्रॉइड फोनना आणि टीव्हींना मिराकास्ट येतं. 2012 पासूनची पद्धत आहे. फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट वायफायने जोडले जातात. त्याला इंटरनेट लागत नाही, राउटर लागत नाही. सूर्यमाळसारख्या ठिकाणी, जिथे नेटवर्कचा भरवसा नसतो, तिथे हे महत्त्वाचं आहे. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे धडा पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावायचा. तार नाही, बोलणी नाहीत.

पाऊस, वीज आणि अर्थिंग

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने हवेत ओल. पिना हिरवट होतात, ॲनालॉगमध्ये रंग जातो, डिजिटलमध्ये चित्रच जातं. पावसाळ्यात न वापरलेल्या केबलच्या टोकांना प्लास्टिकची पिशवी बांधून कोरड्या डब्यात ठेवा.

दुसरं अर्थिंग. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना? याचा अर्थ बहुतेक वेळा प्लगला अर्थिंग नाही. तो गळता व्होल्टेज एचडीएमआयची पिन लावताना केबलवरून टीव्हीकडे धावतो आणि पोर्ट जाळू शकतो. म्हणून क्रम असा: सगळी यंत्रं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर, बटण बंद, आधी केबल जोडायची, मग वीज चालू करायची. आणि कडकडाट सुरू झाला की प्लगही काढायचा आणि छत्रीची तारही. नुसता प्लग काढून भागत नाही, वीज छत्रीच्या तारेनेही आत येते.

नाशिकला जाण्याआधी

आता काम करायची पद्धत. चित्र येत नसेल तर या क्रमाने बघा.

1. टीव्ही किंवा प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘सोर्स’ दाबा. केबल एचडीएमआय 2 मध्ये आणि टीव्ही एचडीएमआय 1 वर, हे फार वेळा घडतं.
2. लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा.
3. सगळं बंद करा. आधी टीव्ही चालू, मग कॉम्प्युटर. बोलणी नव्याने होऊ द्या.
4. चित्राचा आकार कमी करून बघा.
5. छोटी, चांगली चालणारी केबल लावा. चित्र आलं तर दोष लांब केबलचा.
6. तीच केबल दुसऱ्या टीव्हीला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर दोष कुठे होता ते कळणारच नाही.

एवढं करूनही नाहीच आलं, तर बाजारात जाण्याआधी चार ओळी कागदावर लिहा. चित्र कुठून निघतं आणि त्या यंत्राला कुठले पोर्ट आहेत. चित्र कुठे जायचं आणि तिथे कुठले पोर्ट आहेत. आवाज कसा न्यायचा. लांबी किती, तीही दोरीने भिंतीवरून मोजलेली, डोळ्याने नव्हे. शिवाय दोन्ही पोर्टांचे मोबाइलवर फोटो काढा. नावं पाठ नसली तरी फोटोवरून दुकानदाराला नेमकं कळतं.

आणि हाच कागद खरेदीच्या वेळीही वापरा. वर्गणीतून टीव्ही घेताना आपण इंच विचारतो, किंमत विचारतो. त्याबरोबर विचारा, की मागे खाचा कुठल्या आहेत? शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरला हा चालेल का? कुणी सामान देणगीत देत असेल तर तेही नम्रपणे विचारायला हरकत नाही. दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर देणाऱ्याला जड नसतो, तो आणायला शिक्षकाचा एक दिवस मात्र जातो.

सरकारं आणि कंपन्या डोकी एक करायच्या मागे आहेत. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं झालं, आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचं मानक काढलंय. आकाराचा प्रश्न त्याने सुटत जाईल. भाषा, बोलणी आणि वेग हे तीन प्रश्न त्याने सुटत नाहीत. उलट सगळी डोकी सारखी झाली, की नुसतं बघून फरक कळणार नाही, विचारावंच लागेल.

तेव्हा आज घरी किंवा शाळेत गेल्यावर एक काम करा. कपाटात ठेवलेला ‘बिघडलेला’ प्रोजेक्टर किंवा टीव्ही बाहेर काढा, त्याच्या मागच्या खाचा बघा, वरचे चार प्रश्न विचारा. काही अडलं तर पोर्टांचा फोटो आणि कागदावरच्या त्या चार ओळी आम्हाला पाठवा, पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला आपण त्यावर बोलू.